माशीचे अन्न, माणसाची गोळी

औषधांच्या दुकानांत आणि व्यायामशाळांच्या काउंटरवर हल्ली एक पिवळसर-नारिंगी दाणेदार पदार्थ बाटलीत भरून ठेवलेला दिसतो. दाणा बाजरीएवढा, चव थोडी गोड, थोडी कडवट, तोंडात घोळवला की पिठूळ. बाटलीवर नाव असते ‘बी पोलन’, म्हणजे मधमाश्यांनी गोळा केलेले परागकण. सोबतच्या चिठ्ठीत मात्र दाण्यापेक्षा बरेच काही भरलेले असते. हे म्हणे ‘परिपूर्ण अन्न’ आहे. त्याने खेळाडूंचा दम वाढतो, म्हातारपण लांबते, सर्दी-शिंकांची अॅलर्जी जाते, वजन उतरते, आणि अशक्त माणसाने घेतले तर वजन वाढतेसुद्धा. एकच वस्तू वजन वाढवते आणि उतरवतेही, हे वाचून विज्ञानशिक्षकाच्या कपाळाला आठी पडायला हवी. पण नुसती आठी घालून पालकांचे समाधान होत नाही. शाळेच्या संघात धावणाऱ्या मुलीला हे द्यावे का, असे कोणी विचारले तर उत्तर द्यावे लागते.

उत्तर शोधताना आम्हांला असे दिसले की चिठ्ठीतल्या जवळजवळ प्रत्येक दाव्याला एक इतिहास आहे, आणि तो दाव्यापेक्षा जास्त रंजक आहे.

सुरुवात माशीपासूनच करू. पराग म्हणजे फुलातली धूळ. अमरकोशात हा शब्द याच अर्थाने येतो. ‘पोलन’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ बारीक पीठ. माशीच्या मागच्या पायांवर बाहेरच्या बाजूला केसांनी वेढलेली एक खोलगट जागा असते, तिला आपण परागटोपली म्हणू. फुलात लोळून अंगभर माखलेली धूळ माशी पायांनी विंचरते, तोंडातला थोडा मध लावून मळते आणि या टोपलीत थापून घरी नेते. पायाला पिवळे गोळे लावून पोळ्यात शिरणारी माशी माणसाने हजारो वर्षे पाहिली आहे. पण हे गोळे कशासाठी, याचे उत्तर माणसाने बराच काळ चुकीचे दिले.

अॅरिस्टॉटलला वाटे की माशी पायांवरून मेण आणते. ही समजूत दोन हजार वर्षे टिकली. अठराव्या शतकात फ्रान्सच्या रेओम्यूर यांनी (जुन्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत ज्यांच्या नावाची तापमापनश्रेणी असे, तेच हे) कीटकांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या १७४० साली निघालेल्या खंडात त्यांनी परागाला ‘कच्चे मेण’ म्हटले. माशी पराग खाते आणि तिच्या पोटात त्याचे मेण होते, असे त्यांचे मत होते. रेओम्यूर काही ऐरेगैरे नव्हते, आणि त्यांचा तर्कही वावगा नव्हता: माशी पिवळे काही आणते, पोळ्यात पिवळे मेण दिसते, तेव्हा एकाचे दुसरे होत असणार.

हा प्रश्न सोडवला तो दृष्टी गेलेल्या माणसाने. जिनिव्हाचे फ्रांस्वा ह्यूबर यांचा जन्म १७५० चा. किशोरवयातच त्यांचे डोळे जाऊ लागले आणि पुढे ते पूर्ण आंधळे झाले. मधमाश्यांवरचे त्यांचे सारे काम त्यांच्या घरचा नोकर फ्रांस्वा बर्नान याच्या डोळ्यांनी झाले. ह्यूबर प्रश्न विचारत, प्रयोगाची आखणी करत; बर्नान तासन्‌तास पेटीपुढे बसून पाही आणि पाहिलेले सांगे. त्यांची निरीक्षणे पहिल्यांदा १७९२ साली पुस्तकरूपाने आली. त्याच वर्षी लंडनमध्ये शल्यवैद्य जॉन हंटर यांनीही दाखवून दिले की मेण माशीच्या पोटाखालच्या कड्यांमधून पातळ पापुद्र्यांच्या रूपात बाहेर पडते.

ह्यूबर यांना आधी एक गोष्ट खटकली. नुकतीच नव्या घरात गेलेली वसाहत दिवसरात्र पोळे बांधत असते, पण पराग फारसा आणत नाही. उलट जुन्या, पूर्ण बांधून झालेल्या पोळ्याला मेणाची गरज नसते, तरी तिथे परागाचे ढीग येत राहतात. मग त्यांनी एक वसाहत रिकाम्या पेटीत कोंडली आणि तिला फक्त मध व पाणी दिले. काही दिवसांत माश्यांनी पांढरेशुभ्र पोळे बांधले. ते काढून घेतले आणि पुन्हा मधच दिला, पुन्हा पोळे झाले. असे अनेकदा केले. दुसऱ्या एका वसाहतीला मधाऐवजी फळे आणि पराग दिले. तिथे मेण तयार झाले नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होते ते पाहायचे, ही रीत आपण वर्गात शिकवतो. तिचा इतका नेटका नमुना पाठ्यपुस्तकांत का येत नाही, याचे आम्हांला नवल वाटते.

मेणासाठी नाही तर पराग कशासाठी? ह्यूबर यांनी अंडी आणि अळ्या असलेली वसाहत कोंडली, मध भरपूर ठेवला, पराग मात्र ठेवला नाही. अळ्या जगल्या नाहीत, माश्या सैरभैर झाल्या. पराग आत ठेवताच दाई माश्या त्यावर तुटून पडल्या आणि तिथून अळ्यांकडे गेल्या. पराग म्हणजे पिलांचे अन्न. आज आपल्याला हे जास्त तपशिलाने माहीत आहे. मधातून माशीला ऊर्जा मिळते; प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि क्षार यांचा तिचा स्रोत जवळजवळ एकटा पराग. तरुण दाई माश्या तो खातात आणि डोक्यातल्या ग्रंथींतून अळ्यांसाठी दुधासारखा रस तयार करतात. परागाशिवाय वसाहतीची पुढची पिढी निघत नाही.

‘परिपूर्ण अन्न’ हा शब्द येथून निघालेला आहे, आणि येथपर्यंत तो बऱ्याच अंशी खराही आहे. कोणासाठी परिपूर्ण, एवढाच शब्द पुढे गळून पडला.

परागाची विक्री व्हायची तर तो माशीकडून काढून घेता आला पाहिजे. १९३० च्या दशकात अमेरिकेतले मधमाशी-संशोधक वसाहतीला किती पराग लागतो हे मोजू पाहत होते. त्यासाठी त्यांनी पेटीच्या दाराशी जाळी बसवली. भोक सुमारे ५ मिलिमीटरचे. माशी अंग चोरून त्यातून आत जाते, पण पायावरचे गोळे जाळीला अडकून खालच्या खणात पडतात. मोजमापासाठी केलेले साधन पुढे व्यापाराचे झाले. जवळपास त्याच काळात अमेरिकेतच मिकोला हायडाक हे मूळचे युक्रेनचे संशोधक उलट दिशेने काम करत होते. फुले नसलेल्या दिवसांत माश्यांना परागाऐवजी काय चारता येईल, हे ते तपासत होते. सोयाबीनचे पीठ, दुधाची भुकटी, यीस्ट असे पदार्थ त्यांनी माश्यांना खाऊ घालून पाहिले आणि सोयाबीनचे पीठ बऱ्यापैकी उपयोगी ठरले. त्या वेळी माशी माणसाच्या अन्नावर जगवली जात होती. माणसाने माशीचे अन्न खाण्याची टूम अजून यायची होती.

ती यायला एक गोष्ट कारण झाली. निकोलाय त्सित्सिन हे सोविएत संघातले नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ. गव्हाचा रानगवताशी संकर करण्याचे त्यांचे काम प्रसिद्ध आहे. परागाच्या जाहिरातींत त्यांच्या नावावर अशी कथा सांगतात: १९४५ साली त्यांनी शंभरी ओलांडलेल्या २०० माणसांना पत्रे लिहून आहार आणि व्यवसाय विचारला. बहुतेक उत्तरे मधमाश्या पाळणाऱ्यांची आली. ही गरीब माणसे चांगला मध विकत आणि पेटीच्या तळाशी साचलेला गाळ खात. गाळात पराग होता, म्हणून ते शंभर वर्षे जगले.

कथा गोड आहे. ती अक्षरशः खरी मानली तरी तिच्यातून काय सिद्ध होते, हे वर्गात विचारण्यासारखे आहे. पत्रे न पाठवलेल्यांत, साठीतच गेलेल्यांत मधपाळ किती होते? डोंगरात राहून रोज चढउतार करणाऱ्याच्या आयुष्याचे श्रेय गाळालाच का? पण त्याहून मुळाशी एक अडचण निघाली. त्या माणसांची वये खरी होती का?

१९७४ साली झोरेस मेदवेदेव या जीवशास्त्रज्ञाने कॉकेशसमधल्या दीर्घायुष्याची चिरफाड करणारा लेख लिहिला. सोविएत सरकारने आदल्याच वर्षी त्यांचे नागरिकत्व काढून घेतले होते आणि ते लंडनमध्ये होते. त्यांनी दाखवले की या शतायुषींपैकी बहुतेकांकडे जन्माचा विश्वासार्ह दाखला नाही. पहिल्या महायुद्धात आणि नंतरच्या यादवीत सैन्य चुकवण्यासाठी अनेकांनी वडिलांची कागदपत्रे वापरली आणि कागदावर त्यांचे वय एका पिढीने वाढले. वर्तमानपत्राने १३० वर्षांचा म्हणून छापलेला एक म्हातारा त्याच्या गाववाल्यांनी फोटोवरून ओळखला. तो ७८ वर्षांचा होता. शिवाय स्टालिन जॉर्जियाचे, त्यामुळे कॉकेशसचे लोक शे-दीडशे वर्षे जगतात हे ऐकायला वरच्यांना आवडे. अझरबैजानचे शिराली मुस्लिमोव १९७३ साली वारले तेव्हा त्यांचे वय १६८ असल्याचे जाहीर झाले होते! मेदवेदेव यांच्या लेखानंतर या कथांचा पायाच गेला. परागाच्या चिठ्ठीतून मात्र त्सित्सिन यांचे मधपाळ अजून हललेले नाहीत.

दुसरा धागा स्वीडनचा आहे आणि तो जरा वेगळा निघतो. गोस्ता कार्लसन हे रेल्वेत नोकरी करणारे हौशी मधपाळ. माश्यांवर अवलंबून न राहता यंत्राने, मुख्यतः राय वगैरे तृणधान्यांचा पराग मोठ्या प्रमाणावर गोळा करायची रीत त्यांनी बसवली आणि १९५० च्या दशकात त्याच्या अर्काच्या गोळ्या काढल्या. उप्सालाचे डॉक्टर एरिक अस्क-उपमार्क यांनी १९६० च्या सुमारास प्रोस्टेट ग्रंथीच्या तक्रारींवर त्यांचा उपयोग होत असल्याचे लिहिले. या अर्कावर पुढे रीतसर चाचण्या झाल्या. कॉक्रेन या संस्थेने १९९० च्या दशकाच्या शेवटी चार चाचण्यांतल्या ४४४ पुरुषांची माहिती एकत्र तपासली. रात्री लघवीला उठावे लागण्याची तक्रार काहीशी कमी होते, पण चाचण्या लहान आणि थोड्या काळाच्या आहेत, असा माफक निष्कर्ष निघाला. हा निष्कर्ष आम्ही मुद्दाम नोंदवत आहोत, कारण परागाच्या नावावर जमा असलेला सर्वांत भक्कम पुरावा जवळजवळ एवढाच आहे. गंमत म्हणजे या गोळीशी मधमाशीचा काहीच संबंध नाही.

स्वीडनशेजारच्या फिनलंडचे लासे विरेन १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटरच्या शर्यतीत मध्येच धडपडून पडले, उठले आणि विश्वविक्रम करून जिंकले. ५,००० मीटरही जिंकले. १९७६ साली माँट्रियलला दोन्ही सुवर्णपदके त्यांनी पुन्हा मिळवली. फिनलंडचे धावपटू पराग खातात अशी चर्चा वर्तमानपत्रांतून झाली आणि जाहिरातदारांना आणखी काही नको होते. विरेन रोज किती किलोमीटर धावत होते, हे मात्र बाटलीत भरून विकता येत नाही.

या वेळी मात्र चाचणी लवकर झाली. त्याच दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या लुईझियाना स्टेट विद्यापीठात पोहणाऱ्यांना काही महिने गोळ्या देण्यात आल्या. काहींना परागाच्या, काहींना तशाच दिसणाऱ्या खोट्या, काहींना निम्म्या-निम्म्या. कामगिरीत मोजण्याजोगा फरक आढळला नाही. १९८२ साली ब्रिटनमध्ये मॉन आणि एव्हान्स यांनी किशोरवयीन २० पोहणाऱ्यांवर सहा आठवडे असाच प्रयोग केला. दोन्ही गटांचा दम वाढला, कारण दोन्ही गट रोज पोहत होते. पण एक तपशील लक्ष वेधतो. सर्दी-खोकल्यामुळे सराव बुडाल्याचे दिवस पराग घेणाऱ्यांत ४ होते, खोटी गोळी घेणाऱ्यांत २७. मग पराग सर्दीवर चालतो का? गटात दहाच मुले असली तर एका-दोघांना मोठे दुखणे आले तरी आकडा असा फुगतो. या प्रयोगातून पुढचा प्रश्न निघाला, उत्तर नव्हे. पुढे मोठ्या गटावर हे तपासून कोणी खात्री दिलेली नाही. जाहिरातींत मात्र ४ आणि २७ हे आकडे उत्तर म्हणून फिरले.

आता अमेरिकेच्या संसदेकडे वळू, कारण आज जगभर ‘पूरक आहार’ या नावाने जे काही विकले जाते त्याच्या इतिहासात या पिवळ्या दाण्याची एक जागा आहे. अॅरिझोनात रॉयडन ब्राउन यांची कंपनी पराग विकत होती. तिच्या जाहिराती टीव्हीवर कार्यक्रमाचे रूप घेऊन येत, त्यामुळे जाहिरात चालली आहे हे प्रेक्षकाला कळत नसे. १९९२ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिला धरले. परागाने वजन उतरते, म्हातारपण उलटते, एवढेच नव्हे तर परागाची अॅलर्जी होऊच शकत नाही, असे खोटे दावे केल्याचा आरोप होता. कंपनीने २ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले.

आयोवाचे सिनेटर टॉम हार्किन यांना शिंका आणि नाक वाहण्याचा जुना त्रास होता. बर्कली बेडेल या माजी खासदार मित्रामार्फत त्यांची ब्राउन यांच्याशी गाठ पडली. हार्किन यांनी रोज डझनावारी कॅप्सूल घेतल्या आणि काही दिवसांत त्रास गेला, असे १९९३ साली त्यांनी जाहीरपणे सांगितले. एक माणूस, एक ऋतू, तुलनेला कोणी नाही. हंगाम सरला की शिंका आपोआपही थांबतात. सामान्य माणसाने असे सांगितले असते तर कोणी दखल घेतली नसती. पण हार्किन आरोग्य संशोधनाच्या अंदाजपत्रकावर देखरेख ठेवणाऱ्या सिनेट उपसमितीचे अध्यक्ष होते. पर्यायी उपचारांच्या अभ्यासासाठी सरकारी संशोधन संस्थेत वेगळा कक्ष काढायला त्यांनी १९९१ मध्येच २० लाख डॉलर मिळवून दिले होते. परागाच्या अनुभवाने त्यांचा विश्वास आणखी पक्का झाला.

१९९४ साली हार्किन आणि युटाचे सिनेटर ऑरिन हॅच यांच्या पुढाकाराने पूरक आहाराचा कायदा मंजूर झाला. त्यानुसार असा पदार्थ विकण्यापूर्वी तो उपयोगी आहे हे उत्पादकाने सिद्ध करावे लागत नाही. धोकादायक आहे हे दाखवण्याची जबाबदारी सरकारी खात्यावर, तीही पदार्थ बाजारात आल्यावर. रोग बरा होतो असे म्हणायचे नाही. ‘प्रतिकारशक्तीला साहाय्यक’ असे म्हटले तर चालते, फक्त खाली बारीक अक्षरांत या विधानाची सरकारी तपासणी झालेली नाही असे लिहायचे. ‘साहाय्यक’, ‘पोषक’, ‘संतुलन राखणारे’ ही आपल्या ओळखीची गुळमुळीत भाषा अशा कायद्यांच्या सावलीत वाढली. आपल्याकडे २०१६ च्या नियमांप्रमाणे अशा बाटलीवर हे औषधी वापरासाठी नाही असे छापावेच लागते. बाटली घेताना ती ओळ शोधून वाचावी.

अॅलर्जीच्या दाव्यावर थोडे थांबायला हवे, कारण माणसांना खरोखर इजा झाली ती इथे. पराग नाकात गेल्याने शिंका येतात हे मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ साली दाखवले. ते स्वतःच रोगी होते. चिकट काचपट्ट्या पतंगाला बांधून त्यांनी उंचावरच्या हवेतला परागही मोजला. १९११ साली लंडनचे लेनर्ड नून यांनी गवताच्या परागाचा अर्क अगदी थोड्या मात्रेपासून हळूहळू वाढवत टोचण्याचे उपचार सुरू केले. शरीराला सवय लावण्याची ही पद्धत टिकली. गवताच्या परागाच्या जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांनाही २०१४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे हार्किन यांचा तर्क मुळातच वेडगळ होता असे नाही. पण नून यांच्या पद्धतीत कोणता पराग आणि किती, हे ठरलेले असते, आणि त्या गोळ्यांचाही पहिला डोस डॉक्टरसमोर घेतात. बाटलीतला पराग कोणत्या फुलांचा हे त्या आठवड्यात माश्या कुठे गेल्या यावर ठरते. शिंका आणणारा पराग बहुधा वाऱ्यावर उडणारा, हलका असतो. माश्या आणतात तो बराचसा जड, चिकट, कीटकांसाठी केलेला. अर्थात नेमके इथे गोंधळ होतो, कारण माश्या मक्याचा-ज्वारीचा वाऱ्यावरचा परागही आणतात. म्हणून बाटली एखाद्याला निरुपयोगी ठरते, तर दुसऱ्याला घातक.

१९७९ पासून वैद्यकीय मासिकांत अशा घटना नोंदल्या गेल्या आहेत. २०१२ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी एका ३० वर्षांच्या स्त्रीची हकीगत प्रसिद्ध केली. हंगामी सर्दीखेरीज तिला कसलाही त्रास नव्हता. परागाचे पूरक घेतल्यावर पापण्या, ओठ आणि घसा सुजला, अंगावर गांधी उठल्या, धाप लागली. अॅड्रेनलिनचे इंजेक्शन देऊन तिला वाचवावे लागले. म्हणूनच ‘अॅलर्जी होऊच शकत नाही’ हे वाक्य आम्हांला वजनाच्या दाव्यांपेक्षा जास्त गंभीर वाटते. ज्यांना परागाचा त्रास आहे नेमकी तीच माणसे या बाटलीकडे वळतात.

वजनाच्या दाव्याचा शेवट रसायनशास्त्राच्या शिक्षकांना विशेष ओळखीचा वाटेल. २०१२ च्या सुमारास अमेरिकेत परागाच्या काही कॅप्सूलनी खरोखरच वजन उतरू लागले. तपासणीत त्यांत सिब्युट्रामिन सापडले. भूक मारणारे हे औषध हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढवते म्हणून २०१० साली तिथल्या बाजारातून गेले होते. भारतानेही २०११ साली त्यावर बंदी घातली. दुसरा पदार्थ होता फिनॉल्फथॅलिन. होय, अनुमापनात आम्लारीचा गुलाबी रंग दाखवणारा आपला दर्शकच! पूर्वी तो रेचक म्हणून देत, पण कर्करोगाच्या शंकेमुळे १९९९ साली अमेरिकेत तो वापर बंद झाला. २०१४ साली तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने लोकांना सावध केले, तेव्हा छाती धडधडणे, झटके येणे, आत्महत्येचे विचार अशा तक्रारी धरून पन्नासहून अधिक नोंदी त्यांच्याकडे आलेल्या होत्या. लेबलावर दोन्ही पदार्थांची नावे नव्हती.

आता भेसळ नसलेला, कोणाला वावडे नसलेला, शुद्ध पराग घेऊ. त्याचे पोषणमूल्य किती? झाडाप्रमाणे त्यात प्रथिने १० ते ४० टक्के असतात, साधारण २० धरू. चहाचा चमचा म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, त्यात प्रथिने १ ग्रॅम. मूठभर शेंगदाण्यांत याच्या सातपट मिळतात, आणि किमतीचा हिशेब मुलांनी दुकानात जाऊन करावा. त्यातही परागकणाचे बाहेरचे कवच इतके चिवट असते की हजारो वर्षांपूर्वीच्या तळ्यांच्या गाळातही ते ओळखू येते. आपल्या आतड्यात आतला सगळा ऐवज सुटतोच असे नाही. ‘सर्व जीवनसत्त्वे’ हा दावाही टिकत नाही, कारण ब-१२ वनस्पती तयारच करत नाहीत. तेव्हा संघात धावणाऱ्या मुलीच्या पालकांना आम्ही सांगू: परागाने ती जोरात धावणार नाही, तिला शिंका, दमा किंवा गांधी उठण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चमचाभरही देऊ नका, आणि वाचलेल्या पैशांची उसळ, अंडी, शेंगदाणे, चांगले बूट आणा.

माशीचा हिशेबही मांडून पाहू. एका फेरीत दोन पायांवर मिळून साधारण १५ मिलिग्रॅम पराग येतो. चमचाभर परागासाठी ३३० च्या वर फेऱ्या झाल्या. युरोपीय मधमाशीची मोठी वसाहत वर्षाला १५ ते ५० किलो पराग आणते आणि तो जवळजवळ सगळा पिलांवर खर्च होतो. म्हणून जाणते मधपाळ जाळी सतत लावून ठेवत नाहीत. आपल्या सह्याद्रीतली सातेरी माशी अंगाने लहान, तिच्या वसाहतीही लहान; तिच्या दारात जाळी लावताना तर जास्तच विचार हवा. पुण्यात १९६२ साली सुरू झालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेपासून महाबळेश्वरच्या मधपाळांपर्यंत आपल्याकडचे काम मुख्यतः मधावर आणि पिकांच्या परागीभवनावर झाले. अलीकडे, २०२० नंतरच्या राष्ट्रीय मध अभियानात पराग विकण्यालाही उत्तेजन आहे. मधपाळाला जोड उत्पन्न मिळते, त्याला आमची हरकत नाही. ग्राहकाने आपण काय विकत घेतो ते ओळखून घ्यावे.

शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर बाटलीतले चार वेगळ्या रंगांचे दाणे निवडून पाण्यात विरघळवा आणि एकेक थेंब काचपट्टीवर घेऊन बघा. माशी एका फेरीत बहुधा एकाच जातीच्या फुलांवर जाते, त्यामुळे एका दाण्यात बहुतेक कण सारखे दिसतील. शेजारी जास्वंदीचा काटेरी आणि ज्वारीचा गुळगुळीत गोल कण ठेवला की मुले स्वतःच तुलना करू लागतात. मधातले असेच कण पाहून तो कोणत्या फुलांचा हे तज्ज्ञ सांगतात. मात्र वर्गात कोणाला शिंकांचा किंवा दम्याचा त्रास आहे का ते आधी विचारा, आणि चव कोणालाही घेऊ देऊ नका.

पावसाळ्यात, फुलांचा तुटवडा असताना, आपल्याकडचे मधपाळ पेट्यांमध्ये साखरेचा पाक ठेवतात आणि काही जण हायडाक यांच्या वाटेने सोयाबीनचे पीठही. परागाची टंचाई असली की माश्या स्वतःही पीठ शोधतात. कुठे उघड्यावर पिठाची धूळ मिळाली तर ती विंचरून, मधात मळून, पायांना लावून त्या घरी घेऊन येतात.